कडवळाचा भरवशाचा वाण कसा निवडायचा

चाऱ्याचा वाण निवडताना बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात : हेक्टरी किती क्विंटल हिरवा चारा पडतो? माहितीपत्रकात 500–550 क्विंटल लिहिलेले असते, आणि ते आकडे खोटे नसतात. पण ते अनेक ठिकाणच्या चाचण्यांची सरासरी असतात, किंवा चांगली खोल जमीन आणि वेळेवर पाणी मिळालेल्या प्रक्षेत्रावरचे असतात. गोठ्यातली गाय सरासरी खात नाही. तिला याच वर्षी, याच रानातला चारा लागतो. पाऊस 22 दिवस दडी मारून बसला तरी लागतो.

म्हणून धान्याच्या वाणापेक्षा चाऱ्याच्या वाणाला स्थिरतेची गरज जास्त आहे. धान्य कमी पिकले तर बाजारातून आणता येते. हिरव्या चाऱ्यात तीन-चतुर्थांशाहून जास्त पाणी असते, तो लांबून आणला तर आपण भाडे पाण्याचे भरतो. शिवाय टंचाईच्या साली आसपास कोणाकडेच चारा नसतो.

एखादा शेतकरी गट, दूध संस्था किंवा उत्पादक कंपनी आपल्या तालुक्यासाठी कडवळाचे वाण स्वतः कसे पारखू शकते, ते इथे पायरीपायरीने दिले आहे. उदाहरण खरिपातल्या एका कापणीच्या कडवळाचे, म्हणजे चाऱ्याच्या ज्वारीचे आहे. मका आणि ओटसाठी रीत तीच, फक्त अंतर आणि बियाण्याचे प्रमाण बदलते.

आधी एक फरक मनात पक्का करावा

रानारानातला फरक दोन प्रकारचा असतो. जमिनीची खोली, निचरा, विहिरीचे पाणी आहे की नाही, या गोष्टी आपल्याला पेरणीआधी माहीत असतात आणि पुढच्या वर्षीही तशाच राहणार असतात. पावसाचा खंड, उशिरा झालेली पेरणी, एखाद्या साली खोडमाशीचा जोर, या गोष्टी आधी कळत नाहीत.

पहिल्या प्रकारच्या फरकावर उपाय म्हणजे रानाप्रमाणे वेगळा वाण. रब्बी ज्वारीत हे आपल्याकडे रुळलेलेही आहे : हलक्या जमिनीला फुले अनुराधा, मध्यम जमिनीला फुले सुचित्रा, भारी जमिनीला फुले वसुधा, ओलिताखाली फुले रेवती. एकच वाण सगळीकडे चालवण्याचा हट्ट इथे सोडून दिला, आणि ते योग्यच झाले. दुसऱ्या प्रकारच्या फरकावर मात्र असा उपाय नाही. पाऊस कसा पडेल हे ठाऊक नसताना पेरायचे असते, तिथे वाणातच सोसण्याची ताकद हवी. स्थिरतेची खरी परीक्षा इथे होते. चाचणी मांडताना हे दोन फरक एकमेकांत मिसळले तर शेवटी हाती आलेल्या आकड्यांचा अर्थ लावता येत नाही.

रानांची निवड

किमान पाच-सहा परिस्थिती हव्यात. रान सुधारले की वाणाचा चारा किती वाढतो हे दाखवणारी रेषा पुढे हिशेबात काढायची आहे. ती तीन ठिकाणांवरही काढता येते, पण कितपत खरी हे तपासायला आकडेच उरत नाहीत. पाच ठिकाणे एका वर्षात जमत नसतील तर तीन ठिकाणे आणि दोन वर्षे घ्यावीत. आमच्या मते दोन वर्षे घेणे जास्त मोलाचे आहे, कारण एकाच खरिपातल्या पाच गावांना बऱ्याचदा सारखाच पाऊस आणि सारखाच खंड मिळतो. गावे पाच असली तरी पावसाच्या बाबतीत अनुभव एकच.

रान निवडताना टिकाव मारून खोली मोजा. 30 सेंटिमीटरवर मुरूम लागला तर हलकी, 60 पर्यंत मध्यम, त्याखालीही काळी माती असेल तर भारी. निवडलेल्या रानांत निदान एक तरी हलके, मुरमाड आणि बिनपाण्याचे हवे. गटाच्या प्रमुखाचे रस्त्याकडेचे, कसदार रान सगळ्यांना पाहायला सोयीचे असते, म्हणून चाचणी तिथेच जाते आणि ज्यांना स्थिर वाणाची सर्वांत जास्त गरज आहे त्यांच्या रानाची परीक्षाच होत नाही. ही चूक सर्रास होते.

ठिकाणे कमी पडत असतील तर एक युक्ती आहे. त्याच रानात पहिली पेरणी मृगाच्या वाफशावर आणि दुसरी तीन आठवड्यांनी करावी. उशिराच्या पेरणीवर खोडमाशी जास्त येते, पोंगे मर होते, म्हणजे ताटाचा मधला कोंब वाळतो, आणि ताटांची संख्या घटते. अशा वेळी वाण कितपत सावरतो, फुटवे घेऊन रान भरून काढतो की विरळच राहतो, ते त्यातून दिसते. मात्र या दोन पेरण्यांचे आकडे दोन स्वतंत्र चाचण्यांसारखे ठेवा, एकत्र बेरीज करू नका.

वाणांची निवड

सहा वाण पुरेत. त्यात एक तुल्य वाण हवाच, म्हणजे जो शेतकरी सध्या पेरतात तो. कोणत्याही नव्या वाणाची तुलना त्याच्याशीच करायची आहे. रुचिरा, फुले अमृता, फुले गोधन, पुसा चरी, मालदांडी 35-1 अशी नावे आपल्याकडे चाऱ्यासाठी चालतात. मालदांडी 35-1 मोहोळच्या संशोधन केंद्रात स्थानिक मालदांडीतून निवडलेला वाण, मूळ रब्बीचा, आणि इतक्या वर्षांनंतरही कडब्यासाठी लोक तोच मागतात. त्याच्या जवळ जाईल किंवा पुढे जाईल असा वाण शोधणे हे सोपे काम नाही.

एसएसजी 59-3 सारखे अनेक कापण्या देणारे वाण या चाचणीत घालू नका. त्यांची पहिली कापणी 50–55 दिवसांत येते आणि पुढे खोडवा चालू राहतो. एका कापणीच्या वाणाशी त्यांची तुलना म्हणजे बैलाची आणि गाईची तुलना. त्यांची चाचणी वेगळी मांडा आणि सगळ्या कापण्यांची बेरीज करा.

सगळ्या ठिकाणी एकाच पिशवीतले, एकाच वर्षाचे बियाणे गेले पाहिजे. एका गावाने दुकानातून आणले आणि दुसऱ्याने घरचे वापरले, तर दिसणारा फरक वाणाचा की बियाण्याचा, हे कोणीही सांगू शकणार नाही.

मांडणी आणि पेरणी

एका वाफ्यात 30 सेंटिमीटर अंतरावर सहा ओळी, प्रत्येक ओळ 4 मीटर. म्हणजे वाफा 1.8 गुणिले 4, एकूण 7.2 चौरस मीटर. सहा वाण आणि तीन पुनरावृत्ती, म्हणजे प्रत्येक वाण तीन वाफ्यांत, धरून 18 वाफे होतात. मधले रस्ते आणि कडेच्या रक्षक ओळी धरून अडीच-तीन गुंठे रान लागते.

तीन पुनरावृत्तींचे तीन पट्टे उताराला आडवे पाडा, म्हणजे एका पट्ट्यातली जमीन शक्य तितकी एकसारखी राहील. प्रत्येक पट्ट्यात वाणांची जागा चिठ्ठ्या टाकून ठरवा आणि दर पट्ट्याला नव्याने चिठ्ठ्या टाका. क्रमाने लावले तर एकच वाण तिन्ही वेळा बांधाच्या बाजूला येतो. बांधालगत ओल टिकते, शेजारच्या निंबाची सावलीही पडते, आणि वाण बिचारा कारण नसताना हरतो किंवा जिंकतो.

आता बियाणे. शिफारस हेक्टरी 40 किलो धरली तर 4 मीटरच्या एका ओळीला 4.8 ग्रॅम बियाणे लागते. इथे एक खाच आहे आणि ती बारकाईने पाहण्यासारखी आहे. मालदांडीचे 100 दाणे साधारण साडेतीन ग्रॅम भरतात, म्हणजे 4.8 ग्रॅमात सुमारे 137 दाणे. बारीक दाण्याच्या वाणाचे 100 दाणे दोन ग्रॅम भरले तर तेवढ्याच वजनात 240 दाणे येतात. दोघांनाही सारखे वजन दिले तर एक रान दाट आणि दुसरे विरळ होणार. दाट रानाची ताटे बारीक राहतात, वजन चांगले पडते, ताण आला की मात्र तेच रान आधी कोमेजते. वाण अस्थिर आहे असा शिक्का बसतो, दोष दाटीचा असतो. म्हणून प्रत्येक वाणाचे 100 दाणे मोजून वजन करा, ओल्या गोणपाटात 100 दाणे गुंडाळून चार-पाच दिवसांनी उगवण मोजा, आणि ओळीला किती उगवणारे दाणे जायला हवेत ते ठरवून त्याप्रमाणे पुड्या बांधा. प्रत्येक ओळीची पुडी वेगळी, वर वाण आणि वाफा क्रमांक. 18 वाफ्यांना 108 पुड्या होतात. काम किचकट आहे, पण चाचणीचा अर्धा खरेपणा या पुड्यांत आहे.

खतही वाफ्यावर तोलून द्या. हेक्टरी 100 किलो नत्र, 50 स्फुरद आणि 40 पालाश धरले आणि नत्र दोन हप्त्यांत दिले, तर पेरणीच्या वेळी एका वाफ्याला युरिया 78 ग्रॅम, सिंगल सुपर फॉस्फेट 225 ग्रॅम, म्युरेट ऑफ पोटॅश 48 ग्रॅम लागते. 30 दिवसांनी पुन्हा युरिया 78 ग्रॅम. मुठीने टाकले तर पहिल्या वाफ्यांना जास्त आणि शेवटच्यांना कमी, हे ठरलेलेच. हलक्या रानाला कोणी दया येऊन जादा पाणी देऊ नये. ज्या ताणाची परीक्षा घ्यायची आहे तोच त्याने पुसला जातो.

उगवणीनंतर 15 दिवसांनी मधल्या चार ओळींतली ताटे मोजून वहीत लिहा. पाऊस रोज मिलिमीटरमध्ये लिहा, साधे प्लास्टिकचे पर्जन्यमापक पुरते. पुढे एखाद्या ठिकाणी एखादा वाण का घसरला, हे या दोन नोंदींशिवाय समजत नाही.

कापणी आणि वजन

प्रत्येक वाण त्याच्या स्वतःच्या 50 टक्के फुलोऱ्याला कापा. सगळे वाफे एकाच दिवशी कापण्याचा मोह होतो, कारण माणसे एकदाच येतात. पण लवकर येणारा वाण तेव्हा दाण्यावर गेलेला असतो आणि उशिराचा अजून पोटरीत असतो. कोवळ्याचे हिरवे वजन फुगलेले दिसते, त्यात पाणीच जास्त असते.

दव सुकल्यावर कापा. पावसात भिजलेले पान वजन वाढवते. दोन्ही कडेच्या ओळी आणि उरलेल्या ओळींचा दोन्ही टोकांकडचा अर्धा-अर्धा मीटर आधी कापून बाजूला टाका. उरते 1.2 गुणिले 3, म्हणजे 3.6 चौरस मीटर. कडेच्या ताटांना उजेड आणि जागा जास्त मिळते, ती नेहमी जाड असतात. त्यांना मोजणीत धरले तर हेक्टरी आकडा फुगतो, आणि उंच वाणाचा जास्त फुगतो, कारण तो शेजारच्या बुटक्या वाणावर सावली धरतो.

3.6 चौरस मीटरमधले किलो गुणिले 27.78 केले की हेक्टरी क्विंटल मिळतात. 18 किलो भरले तर 500 क्विंटल.

आता खरी गोष्ट. हिरव्या वजनावर वाणाची निवड करू नका. वजन केल्याबरोबर, तिथल्या तिथे, वेगवेगळ्या जागची चार-पाच ताटे घ्या, पाने आणि धांडे यांची एकत्र बारीक कुट्टी करा आणि त्यातली नेमकी 500 ग्रॅम कापडी पिशवीत भरा. दोन दिवस उन्हात वाळवून मग ओव्हनमध्ये 65–70 अंशांवर ठेवा, लागोपाठ दोन वजने सारखी येईपर्यंत. ओव्हन कृषी महाविद्यालयात किंवा दूध संघाच्या प्रयोगशाळेत मिळतो. 500 ग्रॅमचे 110 ग्रॅम उरले तर कोरडा चारा 22 टक्के. पिशवी तासभर उन्हात पडून राहिली आणि मग 500 ग्रॅम तोलले, तर त्या वाणाचा कोरडा चारा फुकट वाढतो. ही चूक नंतर सापडत नाही.

फरक किती पडतो पाहा. एका वाणाचा हिरवा चारा 520 क्विंटल, कोरडा भाग 18 टक्के : हाती 93.6 क्विंटल. दुसऱ्याचा हिरवा 430 क्विंटल, पण कोरडा भाग 24 टक्के : 103.2 क्विंटल. ट्रॉली पहिल्याची मोठी भरते, गाईचे पोट दुसऱ्याने जास्त भरते.

हिशेब

खालचे आकडे रीत समजावी म्हणून घेतलेले आहेत, कोणत्याही खऱ्या वाणाचे नाहीत. चार वाण, पाच राने, कोरडा चारा हेक्टरी क्विंटलमध्ये. राने सर्वांत हलक्यापासून सर्वांत चांगल्यापर्यंत क्रमाने आहेत.

वाण क : 42, 84, 96, 138, 160. सरासरी 104.
वाण ख : 58, 84, 94, 124, 140. सरासरी 100.
वाण ग : 60, 72, 74, 88, 96. सरासरी 78.
वाण घ : 56, 56, 112, 106, 140. सरासरी 94.

पहिल्यांदा प्रत्येक रानाची सरासरी काढा : 54, 74, 94, 114, 134. सगळ्यांची मिळून सरासरी 94. ती प्रत्येक रानाच्या सरासरीतून वजा केली की रानाचा निर्देशांक मिळतो : उणे 40, उणे 20, 0, 20, 40. रान किती चांगले, हे त्या रानातल्या पिकानेच सांगितलेले असते. ही कल्पना फिन्ले आणि विल्किन्सन या संशोधकांनी 1963 मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या बार्लीवर वापरली, आणि 1966 मध्ये एबरहार्ट आणि रसेल यांनी तिला आणखी एका मापाची जोड दिली.

मग प्रत्येक वाणाचे आकडे त्या त्या निर्देशांकाने गुणून बेरीज करा आणि निर्देशांकांच्या वर्गांच्या बेरजेने, म्हणजे 4000 ने भागा. वाण क साठी : उणे 1680, उणे 1680, 0, 2760, 6400. बेरीज 5800, भागिले 4000, उत्तर 1.45. याला उतार म्हणू. एक्सेलमध्ये स्लोप हे सूत्र हेच काम करते. ख चा उतार 1.02, ग चा 0.44, घ चा 1.09. चारही उतारांची सरासरी 1 यायलाच हवी. आली नाही तर कुठेतरी आकडा चुकीचा भरला आहे.

उतार 1 च्या जवळ म्हणजे वाण रानाप्रमाणे सरासरीइतकाच वर-खाली होतो. 1 हून बराच जास्त म्हणजे चांगल्या रानात उसळी आणि वाईट रानात आपटी. 1 हून बराच कमी म्हणजे रान कसेही असो, फारसा हलत नाही.

वाण ग फारसा हलत नाही. पण तो चांगल्या रानातही 96 च्या वर जात नाही. नुसते स्थिर म्हणून त्याला निवडणे म्हणजे नेहमी कमी दूध देणारी गाय भरवशाची म्हणून पाळणे. स्थिरता सरासरीसोबतच वाचायची असते.

वाण घ चा उतार चांगला दिसतो, तरी तो फसवा आहे. वाणाची सरासरी अधिक उतार गुणिले रानाचा निर्देशांक, हा झाला रेषेप्रमाणे अपेक्षित आकडा. त्याप्रमाणे दुसऱ्या रानात घ चा आकडा 72 च्या आसपास यायला हवा होता, आला 56. तिसऱ्यात 94 अपेक्षित होता, आला 112. म्हणून दुसरे माप लागते : प्रत्येक रानातला अपेक्षित आणि खरा आकडा यांतला फरक, त्याचा वर्ग, सगळ्यांची बेरीज, भागिले रानांची संख्या वजा 2. घ साठी 720 भागिले 3, म्हणजे 240. ख साठी तेच माप 23.5 आहे, क साठी 63, ग साठी 8.5. काटेकोर पद्धतीत यातून चाचणीतली चूकही, म्हणजे एकाच वाणाच्या पुनरावृत्तींत आपोआप पडणारा फरकही वजा करतात, आणि ते काम हिसारच्या कृषी विद्यापीठाची ओपीस्टॅट ही संगणक प्रणाली किंवा आर या संगणक भाषेतली मेटान ही साधने करून देतात. घ सारखा आकडा दिसला की गणित थांबवून वही उघडा. दुसऱ्या रानात ताटे कमी उगवली होती का, पानावर करपा होता का, पाणी साचले होते का? पुष्कळदा कारण तिथे लिहिलेले असते.

आणखी एक माप लोक आवडीने वापरतात. दर रानात सर्वांत चांगल्या वाणापेक्षा हा वाण किती मागे राहिला, त्याचा वर्ग करून बेरीज घेतात आणि रानांच्या दुपटीने भागतात. जितका आकडा लहान तितका वाण वरचढ. क चा येतो 58, ख चा 92.4, घ चा 222.4, ग चा 818.4. या मापाने क पहिला. आणि सर्वांत हलक्या रानात क शेवटचा आहे. दोन्ही खरे आहे. मापाने पाचही रानांना सारखे वजन दिले, आणि क ने चांगल्या रानांत जे मिळवले त्याने हलक्या रानातली आपटी झाकून गेली.

म्हणून शिफारस लिहिताना एकच नाव लिहू नका. विहिरीचे पाणी आणि भारी काळी जमीन असेल त्यांना क. पावसावर अवलंबून असलेल्यांना ख. हलक्या रानात क ऐवजी ख पेरला तर हेक्टरी 16 क्विंटल कोरडा चारा जास्त मिळतो. 20 गुंठ्यांवर तो 320 किलो होतो, आणि दिवसाला 10 किलो कोरडा चारा खाणाऱ्या एका गाईचा तो 32 दिवसांचा आहार आहे. दोन-तीन जनावरे असलेल्या घरात हा हिशेब सरासरीच्या चार क्विंटल फरकाहून फार मोठा ठरतो.

वजनाच्या पलीकडे

ताण पडलेल्या कोवळ्या कडवळात हायड्रोसायनिक आम्ल तयार करणारे द्रव्य वाढते आणि जनावर दगावू शकते. ज्या रानात वाण ताण सोसतो, नेमका तिथलाच चारा घातक होण्याची भीती असते. म्हणून हलक्या रानातले नमुने या द्रव्यासाठी प्रयोगशाळेत तपासून घ्या, आणि फुलोऱ्याआधी किंवा पावसाच्या मोठ्या खंडानंतर लगेच फुटलेले कोवळे कडवळ हिरवे खाऊ घालू नका. पानांचा आणि धांड्यांचा वाटा वेगळा तोलून ठेवा. ताणात एखादा वाण वजन टिकवतो, पण ते सगळे धांड्यात असते आणि खालची पाने करपून गळालेली असतात. लोळण्याचीही नोंद ठेवा. भारी रानात वादळी पावसानंतर लोळलेले कडवळ मशीनने कापता येत नाही.

हत्ती गवत आणि लसूणघास यांच्या बाबतीत वर्षभराच्या सगळ्या कापण्यांची बेरीज घ्या, पण एप्रिल-मे मधल्या कापण्या वेगळ्या काढून त्यांचाही वेगळा उतार काढा. पावसाळ्यात चारा सगळ्यांकडेच असतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षी दर चौरस मीटरला किती ठोंब जिवंत राहिले ते मोजा, कारण बहुवार्षिक पिकात स्थिरता आधी ठोंब टिकण्यातच दिसते.

पहिल्या वर्षाच्या आकड्यांवर गावभर बियाणे वाटू नका. दोन वर्षांत मिळून किमान एक कोरडे वर्ष किंवा मोठा खंड आला नसेल तर तिसरे वर्ष घ्या, आणि चाचणीतून उरलेले तुल्य वाणाचे बियाणे त्यासाठी आत्ताच राख मिसळून, डब्यावर तारीख लिहून, कोरड्या जागी ठेवा.